दोन फ्लॅग, एक आई आणि बाहेरून कडी

मंडळी, ही पोस्ट मी भिंगारच्या घरात कोंडलेल्या अवस्थेत लिहितोय.

आज पुणतांब्याला मावसबहिणीचा साखरपुडा. आई सकाळीच तयार. आणि घरूनच चाललेल्या ऑफिसच्या कामात माझी टेस्टसाठीची शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना वापरता येणारा कोडचा गठ्ठा, काही केल्या बिल्ड होईना.

या लायब्ररीला -fPIC फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायची एक सूचना, लागतो. आमचा टेस्ट सूट, म्हणजे सगळ्या चाचण्यांचा संच, मात्र सरसकट सगळ्यांना -fPIE हा दुसराच फ्लॅग लावतो, तोही शेवटी. कोडचा प्रोग्रॅम बनवणारा हा कंपायलर असा लबाड, की शेवटी जो सांगेल त्याचंच ऐकतो. -fPIE सगळीकडूनच काढला, तर बाकीच्या टेस्ट फेल!

टीम लीडचा फोन आला, "झाल्याशिवाय उठू नकोस." म्हटलं, "हो."

आई म्हणाली, "अरे, निघायचं का न्हाई?" म्हटलं, "हो, निघूच."

पुन्हा लीडचा फोन. पुन्हा "हो."

शेवटी फक्त लायब्ररीपुरता -fPIE गाळला आणि सगळ्या टेस्ट पास झाल्या. आनंदानं दार ओढलं, तर बाहेरून कडी! आईला फोन केला. ती एव्हाना एकटीच एसटीत बसली होती. म्हणाली, "आता कर काम निवांत."

शेजारचे काका कडी काढायला येईपर्यंत सांगा, तिनं कडी सवयीनं लावली असेल, की मुद्दाम?