एकोणशंभर

काकूंना हसू आवरत नाही, हे इमारतीच्या चारही मजल्यांना ठाऊक होतं. आनंदाचं हसू सगळ्यांनाच येतं, त्यात काय. काकूंचं हसू घाबरल्यावर यायचं. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, बँकेत सही जुळेना तेव्हा, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा. कुणाकडे सांत्वनाला जायचं असलं, की नवरा आधी पुढे होऊन त्यांच्यासाठी दाराजवळची जागा धरायचा. वेळ आली तर सटकता यावं!

याच हसण्यानं त्यांची पहिली नोकरी सुरू व्हायच्या आधीच घालवली होती. सत्तावीस वर्षांपूर्वी, पदवीची शाई ओली असताना, त्या एका शाळेत मुलाखतीला गेल्या. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला, "शिक्षकी पेशाबद्दल आपलं मत सांगा," म्हणाले आणि पुढे वाकले. त्यांच्या खुर्चीनं मांजराच्या पिल्लासारखा आवाज काढला. झालं. काकूंनी ओठ चावला, श्वास कोंडला, शेवटी पदर तोंडात कोंबावा तशी पदवीची गुंडाळी तोंडाशी धरली; पण हसू कागदातूनही बाहेर आलं. "बाई, ही शाळा आहे, सर्कस नाही," हे ऐकून त्या बाहेर पडल्या, त्या पुन्हा कुठल्या मुलाखतीच्या वाटेला गेल्या नाहीत.

शिकवणं मात्र सुटलं नाही. समोरच्या घरातली मुलगी अपूर्णांक घेऊन रडत आली, मग तिचा भाऊ, मग वरच्या मजल्यावरची जुळी. वीस वर्षं जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा खोडरबराच्या चुऱ्यानं भरलेला. पण "जा, काकूंकडे जाऊन बस जरा," असंच प्रत्येक आई म्हणायची. काकू म्हणजे जणू बागेतलं बाकडं. त्या वीस वर्षांत कुणी एकदाही त्यांना 'बाई' म्हणालं नव्हतं. ते एकदा कानांनी ऐकायचं होतं. एवढंच. पण हे 'एवढंच' त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

जाहिरात सापडली ती एका बाहीत. धाकटी नणंद शिवणकाम करायची आणि जुन्या वर्तमानपत्रांवर माप कापायची. एका सकाळी ती कागदाची बाही हातात नाचवत खालच्या मजल्यावर आली.

"वहिनी, वाच! शिकवणी वर्गाला प्राथमिक गणितासाठी शिक्षिका हवी. दहा मिनिटांचा नमुना पाठ, मग मुलाखत. तुझ्यासाठीच छापलंय."

"अनुभव लागत असेल."

"मग वीस वर्षं टेबलाशी काय करत होतीस, माशा मारत होतीस?"

काकूंना घाम फुटला, म्हणजेच हसू फुटलं, आणि त्या हसण्याच्या भरात अर्ज भरून गेला. उरलेली अर्धी जाहिरात कॉलरच्या मापात गेली होती, ती चार दिवसांनी हाती लागली. तिच्यावर बारीक अक्षरात होतं : 'रुजू होण्याच्या दिवशी वय पन्नासच्या आत असावं.'

नमुना पाठ चौदा तारखेला होता. काकूंना पन्नास पूर्ण होणार होती पंधरा तारखेला.

"एकोणपन्नास म्हणजे पन्नासच्या आतच की," नवरा म्हणाला. "एक दिवस तर एक दिवस. उंबरठ्याच्या आत म्हणजे आत."

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं बदलत "हे स्पष्ट, की हे?" असं विचारून विचारून त्याची जीभ त्याच वळणाची झाली होती. घरातही ती थांबत नसे. "आमटी ही बरी, की कालची?"

काकूंनी विषय निवडला : संख्या शब्दांत, दुसरीसाठी. नवाच्या संख्या आल्या की मुलांच्या नाकी नऊ येतात, हे त्यांना पाठ होतं. 'एकोणसाठ' म्हटलं की मुलाला 'साठ' ऐकू येतं आणि ते बिचारं इमानदारीनं ६९ लिहितं. त्यावर काकूंची एक युक्ती होती. त्या म्हणायच्या, एकोणसाठ म्हणजे साठाच्या दारात उभा असलेला पाहुणा. बेल वाजवलीय, पण अजून आत आलेला नाही. म्हणून तो अजून पन्नासाच्याच जिन्यावर. हे सांगताना त्या मुलांना खरंच दाराबाहेर उभं करून बेल वाजवायला लावत.

तालमी सुरू झाल्या. दुकानातल्या जुन्या अक्षरांच्या तक्त्याची पाठकोरी बाजू हा फळा. नणंद ही विद्यार्थी.

"बरं का मुलांनो, समजलं ना?"

"नाही समजलं," नणंद स्टुलावर पाय हलवत म्हणाली. "मला शू लागलीय."

"अगं, असं कोण म्हणणारे तिथे?"

"तिथल्या मॅडमच मुलाचं काम करतात म्हणे. माझ्या गिऱ्हाइकाची भाची जाऊन आली. सगळ्यांना फाडून खातात. त्यांना शू लागली तर काय करशील?"

काकू फळ्याला टेकून खाली बसल्या, त्या पाच मिनिटं उठल्याच नाहीत.

"पुन्हा," नवरा म्हणाला. "आता 'मुलांनो' हळू म्हण. हं. 'बरं का मुलांनो', की 'मुलांनो, बरं का'? पहिलं स्पष्ट, की दुसरं?"

"दोन्ही धूसर," नणंद म्हणाली आणि आता तीही खाली बसली.

हसू दाबण्याचे उपाय निघाले. नवरा म्हणाला, आठाचा पाढा उलटा म्हण. नणंदेनं पाठासाठी शिवलेल्या नव्या ड्रेसच्या खिशात एक सेफ्टी पिन ठेवली, हसू आलं की टोचून घ्यायला. काकूंनी दूध उतू गेल्याची, गॅस बंद न केल्याची, सगळी दुःखं आठवून पाहिली. पण दाबलेलं हसू दामदुपटीनं परत येई. दहा दिवसांत एकही तालीम एकोणऐंशीच्या पुढे गेली नाही. नव्वदीचं तोंड कुणी पाहिलंच नाही.

चौदा तारखेला तिघंही निघाले. शिकवणी वर्ग एका बेकरीच्या वर होता. जिन्यात भाजल्या पावाचा वास आणि भिंतीवर मुलांनी पेन्सिलीनं ओढलेली एक लांब रेघ. आत काचेच्या भिंतीपलीकडे वर्गाची खोली. नणंद आणि नवरा बाहेरच्या बाकावर बसले.

"पिन आहे ना?" नणंदेनं विचारलं.

"आहे."

"जास्त खोल टोचू नकोस, अस्तर फाटेल."

आत पहिल्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. पांढरे केस, ताठ मान, साठी कधीच ओलांडलेली, चेहरा सीलबंद पाकिटासारखा. शेजारी घड्याळ धरून कारकून. मॅडमनी चष्मा काढून ठेवला, हाताची घडी घातली आणि अचानक बारीक आवाजात म्हणाल्या, "बाई, मला गणित आवडत नाही."

बाई! शब्द आला, पण कुणाच्या तोंडून! सात वर्षांच्या आवाजातली ही साठीची बाई! हसू घशापर्यंत चढलं. काकूंनी खिशात हात घातला, पिन टोचली, आठाचा पाढा उलटा सुरू केला आणि चौसष्टाला अडखळून कशाबशा म्हणाल्या, "मग आधी जरा बेल वाजवून बघू या."

मॅडमना त्यांनी खरंच दाराबाहेर उभं केलं. मॅडमनी मुकाट्यानं "टिंग टाँग" म्हटलं. काचेपलीकडे नणंदेचे डोळे खोबणीतून बाहेर यायचे राहिले. एकोणतीस झालं, एकोणचाळीस, एकोणसाठ. कारकूनही बोटं मोजू लागला. एकोणऐंशी. एकोणनव्वद! इथवर काकू याआधी कधी आल्या नव्हत्या. एका मिनिटाचा वेळ उरला होता.

"बाई," मॅडम बारीक आवाजात म्हणाल्या, "मग शंभराच्या दारात एकोणशंभर उभा असेल ना?"

काकूंनी खडू उचलला. ९९ लिहिलं. तोंड उघडलं.

नव्याण्णव.

एवढा छान नियम, एवढी दारं, एवढ्या बेला, आणि शेवटच्या दारात हा कोण भलताच पाहुणा? वीस वर्षं शिकवलं, पण टेबलाशी बसलेल्या मुलांना एकोणनव्वदपर्यंत नेईस्तोवर कुणाची तरी आई जेवायला हाक मारायचीच. काकूंनी ९९ कडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं.

"अय्या, खरंच की!" त्या म्हणाल्या आणि सत्तावीस वर्षं कोंडलेलं हसू बांध फुटावा तसं फुटलं. पिन हातातून गळाली. पाढा वाहून गेला. डोळ्यांतून पाणी आलं. कारकुनानं तोंडावर घड्याळ धरलं. काचेपलीकडे नणंदेनं कपाळावर हात मारला.

"शिकवताना हसता?" मॅडमनी आता स्वतःच्या आवाजात विचारलं.

"चुकलं," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "पण मॅडम, मला माहीत नाही हो. नव्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत, खरंच माहीत नाही. आज घरी जाऊन शोधते. पण कुठलं मूल एकोणशंभर म्हणालं, तर मी त्याला बरोबरची खूण देणार. बाजूला खरा शब्द लिहून देईन, तो पाठ कर म्हणेन. पण खूण बरोबरचीच. नियम कळला, म्हणून तर ते चुकलं ना? न कळलेलं मूल चुकायलाही इतकं शहाणं नसतं."

मॅडम चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाल्या, "दुसरीत असताना मी हेच विचारलं होतं. बाकावर उभं केलं मला. अख्खा तास."

"आजवर एकवीस जणींना विचारलंय मॅडमनी," कारकून हळूच म्हणाला. "कुणी म्हणालं, अभ्यासक्रमात नाही. कुणी म्हणालं, गप्प बस. एकीनं तर खरंच बाकावर उभं राहायला सांगितलं."

सीलबंद पाकिटाची एक कड उघडली. मॅडम हसत होत्या. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते.

"उद्यापासून या," त्या म्हणाल्या.

काकूंचा चेहरा पडला. 'हो' म्हणून गप्प बसता आलं असतं. पण आत्ताच त्या 'माहीत नाही' म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. खरं बोलण्याची चटकच लागली होती.

"उद्या नको, मॅडम. आज मी एकोणपन्नास आहे. पन्नासच्या दारात. उद्या बेल वाजवून आत जाणार, आणि तुमच्या जाहिरातीत लिहिलंय…"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "चारला दुसरीची तुकडी येते. आता पावणेचार झालेत." मग कारकुनाला म्हणाल्या, "रुजू झाल्याची तारीख आजची घाला. फळा पुसू नका."

पंधरा मिनिटांत जिन्यात धडधड झाली आणि अकरा मुलं आत घुसली. दप्तरं आपटली, वह्या उघडल्या. दोन वेण्यांच्या एका मुलीनं फळ्यावरचं ९९ पाहिलं आणि जागेवरूनच ओरडली, "बाई, हा कितवा पाहुणा?" पाहुण्याची बातमी कारकुनानंच जिन्यात फोडली होती की काय, देव जाणे.

काचेपलीकडे नणंद "चल दादा, गेली ही नोकरी, पुन्हा हसली" अशा अर्थाचे हातवारे करत उठली होती. नवरा उठला नव्हता. रोज दुसऱ्यांना वाचायला लावतो तसा, एक डोळा मिटून, तो फळ्यावरची ओळ न ओळ वाचत होता. मग मुलांकडे, मग काकूंच्या हातातल्या खडूकडे. दुसरा डोळा उघडला. नणंदेला धरून त्यानं परत बाकावर बसवलं आणि काचेतून काकूंना दोन बोटं दाखवली : पहिलं स्पष्ट, की दुसरं?

"बाई, तुम्ही का हसताय?" दोन वेण्यांनी विचारलं.

"घाबरलेय गं," बाई म्हणाल्या. "चल, बाहेर जा आणि बेल वाजव."