आकाशगंगेची आणेवारी

माझा बाप रखमाजी पिंपळगाव रेणुकाईत आणेवारीचा कायमचा पंच होता. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग त्याने तसे वागायला नको होते.

आणेवारी म्हणजे उभ्या पिकाचा अंदाज. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. आकडा आठाच्या खाली गेला तर सरकार सवलती देते, म्हणून गाव नेहमी कमीच सांगते. यात बापाचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असली तरी तलाठ्यासमोर तोंड वाकडे करून म्हणायचा, "पाच आणे. तेबी तुमी म्हणता म्हणून." गावाचा त्यात फायदा होता, हे मला मान्य आहे. पण हा माणूस घरातसुद्धा पंचच राहिला. मी मॅट्रिक झाले, तर "सहा आणे". आईच्या हाताला चव होती, तर "चालतंय". चांगले म्हटले तर जणू त्याच्यावर शेतसारा बसणार होता.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात आई, चतुराबाई, उजव्या बरगडीखाली मूठ दाबून चुलीपुढे बसायची. घास घेतला की उलटी. डोळे पिवळे पडायला लागले होते. तिला जालन्याच्या दवाखान्यात न्या म्हणून मी बापाच्या मागे हात धुऊन लागले होते. तो म्हणायचा, "दोन आण्याचं दुखणं हाय, नंदे. बायका सोळा सांगतात." मी तेव्हा त्याचा तिरस्कार करत होते. आजही करते, लपवू कशाला?

त्याच दिवसांत धूमकेतू दाखवायला जालन्याच्या एका कॉलेजातले शरदचंद्र सर जीपमध्ये दुर्बीण घालून गावात आले. सोबत त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई होत्या. त्या डॉक्टर आहेत हे कळले आणि मी आईला धरून शाळेपुढच्या मैदानात नेले. तिला त्यांच्या नजरेस पाडायचे, एवढेच माझ्या डोक्यात होते.

अंधार पडायला वेळ होता, तोवर सर बोलायला उभे राहिले. आपल्या आकाशगंगेत माणसासारखी शहाणी वस्ती किती ठिकाणी असेल, याचा हिशेब मांडू म्हणाले. फळ्यावर ताऱ्यांची संख्या लिहिली, एकावर अकरा शून्ये. त्यातल्या किती ताऱ्यांना ग्रह, त्यातले किती राहण्याजोगे, किती ठिकाणी जीव, असे वाटे पाडत जायचे.

"हे वाटे कोणालाच नक्की माहीत नाहीत," सर म्हणाले. "अंदाजच करायचा. आणि उभं पीक नुसत्या नजरेनं जोखणारी माणसं तर इथेच बसली आहेत. तुम्ही आण्यांत सांगा."

बिचाऱ्यांना वाटले, गाव खरे सांगेल. पुढच्या खुर्चीत तलाठी बसला होता. आणे विचारणारा आणि आकडा लिहून घेणारा म्हणजे सरकार, एवढेच गावाला ठाऊक. सगळ्यांनी बापाकडे पाहिले.

"किती ताऱ्यांना ग्रह असतील, रखमाजीराव?"

"दोन आणे."

"त्यातले राहण्याजोगे?"

"पाणी कुठं हाय तिथं? एक आणा."

"जीव किती ठिकाणी?"

"एकच आणा."

"त्यात बुद्धी कितींना?"

"अर्धा. आपल्याकडं बी तेवढीच हाय."

"दूरवर निरोप धाडण्याइतके पुढे गेलेले?"

"एक आणा धरा."

"आणि अशी वस्ती टिकेल किती वर्षं?"

"दोन पिढ्या. तिसरी भांडून मरती."

सर गुणाकार करत गेले आणि दोन पिढ्यांच्या वर्षांना आकाशगंगेच्या हजार कोटी वर्षांच्या वयाने भागले. शेवटी खडू खाली ठेवून म्हणाले, "रखमाजीराव, हे एकाच्याही खाली गेलं. तुमच्या हिशेबानं आकाशगंगेत कोणीच नाही. आपणसुद्धा नाही."

"बराबर," बाप म्हणाला. "तसंच लिवून घ्या."

गाव खो खो हसले. तलाठीही हसला. आई पोटावर वाकली होती.

अरुंधतीबाई उठून तिच्याजवळ आल्या. "काय होतंय, मावशी? किती दुखतंय?"

आईने तोंड उघडायच्या आत बापच बोलला. "काई न्हाई बाई. दोन आणे. शिळं खाल्लं आसंल."

"मी त्यांना विचारलं," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या.

"सोळा आणे," आई म्हणाली.

सगळ्यांनी तलाठ्याकडे पाहिले. तो आकडा गावात तलाठ्यासमोर कोणी तोंडातून काढला नव्हता.

"तलाठीसायेब बसलेत," बाप तिच्यावर दबक्या आवाजात खेकसला.

"बसू द्या. म्या पिकाचं न्हाई, माझं सांगून राह्यले."

बाईंनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, पोटाला हात लावला आणि ड्रायव्हरला हाक मारली. सर दुर्बिणीपाशी थांबले. आई, मी आणि बाई जीपमध्ये बसलो. मागे बाप लोकांना सांगत होता, "बायकांना अंदाज नसतो."

जालन्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झाले. पित्ताच्या पिशवीत खडे होते आणि पू झाला होता. आणखी थांबला असतात तर आई हाती लागली नसती, असे अरुंधतीबाई मला स्पष्ट म्हणाल्या. बाप सवडीने आला. खाटेजवळ उभा राहून विचारतो कसा, "आता किती आणे हाय?"

गाव तलाठ्याकडे बघते, अगदी तसे आईने त्याच्याकडे बघितले. "ठीक हाय," म्हणाली. तो चहा प्यायला बाहेर गेला, तेव्हा तिने नर्सला जवळ बोलावले आणि टाके किती दुखतात ते खरे खरे सांगितले.