मागची सीट

सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवर एक बाई नवऱ्यामागे एका बाजूला बसल्या होत्या, साडीगार्डवर पाऊल टेकवून. माझ्या गाडीलाही तसं साडीगार्ड होतं. कुलकर्णीकाकांकडून ती जुनी गाडी घेतली आणि आधी तेच भंगारात टाकलं. मग लांब सीट काढून एकट्यापुरती बसवली. देखणं करायचं म्हणजे काढून टाकायचं, असं मला तेव्हा वाटायचं.

मोठ्या हौसेनं काकांना दाखवायला नेली. ते टाकीवरून हात फिरवत होते, तेवढ्यात काकू चपला घालून, पदर खोचत बाहेर आल्या.

"अहो, एक चक्कर मारू या ना!" म्हणाल्या, आणि गाडीजवळ येऊन थबकल्या. "बसू कुठं?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "छान झालीय हो गाडी."