हाक मारायचं नाव

ऐंशीच्या दशकात मी मरोळच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. बेलग्रेडहून एक मशीन आलं आणि ते बसवायला त्याच्यामागोमाग एक म्हातारा इंजिनिअर आला. त्याच्या सर्बियन भाषेतली पार्ट्सची यादी मला टाइप करायला दिली. लिपी इंग्रजीच होती, पण एकच शब्द चार ठिकाणी चार शेपट्या लावून आलेला. म्हटलं, काय गबाळा माणूस आहे हा! मी सगळ्या शेपट्या कापून शब्द सारखे केले आणि ऐटीत कागद त्याच्यापुढे ठेवले.

त्याने कपाळाला हात लावला. मग हसला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं, की त्यांच्याकडे सात विभक्त्या असतात आणि माणसांची नावंसुद्धा त्यातून सुटत नाहीत. त्याला दिलं तर नाव वेगळं, त्याच्याबरोबर गेलं तर वेगळं, हाक मारली तर आणखी वेगळं. "हात्तिच्या! आमच्यात आठ आहेत," मी म्हटलं. शाळेत प्रथमा ते संबोधन घोकताना खाल्लेल्या छड्या अशा कामी आल्या.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत आमची गट्टी जमली. त्याच्या नावाचा अर्थ होता 'राहा, जाऊ नकोस'. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने ते नाव ठेवलेलं. माझा घास हातातच राहिला. माझ्या बाबांचं नाव दगडावरून ठेवलेलं, आणि कारण अगदी हेच. दगड बघून यम पुढच्या घरी जाईल, असं आजीला वाटलेलं.

"मग तुझी आई त्यांना काय म्हणते?" त्याने विचारलं.

"अहो म्हणते. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं मानतात आमच्याकडे."

"मग त्या नावाने हाक कोण मारतं?"

मी आठवून बघितलं. आम्ही बाबा म्हणायचो, बाहेरचे सगळे आडनावाने हाक मारायचे. "त्यांची आई मारायची," मी म्हटलं. "ती वारली." एवढ्या आशेने ठेवलेलं नाव आणि आता कुणी हाकच मारत नाही, म्हातारा म्हणाला. ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं. बसायला नको होतं.

दोन महिन्यांनी बाबांना अर्धांगाचा झटका आला. गिरणी बंद पडल्यापासून ते बोरीवलीला एका सोसायटीत वॉचमन होते, तिथेच गेटवर कोसळले. हॉस्पिटलमध्ये डोळे मिटून पडलेले, कशाला दाद नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या आवाजात नावाने हाका मारत राहा, कधी कधी पेशंट प्रतिसाद देतो. आई उशाशी बसून "अहो, ऐकलंत का, अहो" करत होती. पुरुषांचा वॉर्ड तो. दर दुसऱ्या खाटेपाशी कुणाची तरी बायको अहो, अहो करत होती. माझं टाळकंच सटकलं.

"आई, नाव घे त्यांचं."

"माका नाय जमाचा गो."

"अगं, माणूस चाललाय आपला, आणि तुला रीत सुचतेय?"

"त्यांचा आयुष्य कमी करूक सांगतंस माका?" ती रडायला लागली.

"ते गेले ना, तर तुझ्या या हट्टापायी गेले असं म्हणेन मी!"

हे मी बोलले. सख्ख्या आईला, भर वॉर्डात, चार माणसांसमोर. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आईने पदर डोक्यावरून घेतला, बाबांच्या कानाशी वाकली आणि नाव घेतलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. बाबांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे टक लावून बघितलं. मी वेड्यासारखी नर्सला बोलवायला धावले. परत आले तेव्हा डोळे पुन्हा मिटलेले होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला बाबा गेले.

आईने मला कधी बोल लावला नाही. पण रेशनच्या ऑफिसात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं, की ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचे. आता कसलं आयुष्य कमी व्हायचं राहिलं होतं! तरी नाही म्हणजे नाहीच. वर्षभराने मला राहवेना. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. म्हटलं, "आई, मनाला लावून घेऊ नकोस गं. तुझी हाक पोचली ना त्यांना? डोळे उघडले ना त्यांनी?"

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"उघडल्यानी," ती म्हणाली. "घाबरान उघडल्यानी गो. त्या नावान हाक मारी ती फक्त त्यांची आये. त्यांका वाटला, तीच इली न्हेऊक."