दाबलेला खोकला

माझी आई बसून झोपायची. आडवी झाली की छातीत कफ घरघरायचा, म्हणून जुन्या जाळ्यांच्या गठ्ठ्याला टेकून डोळा लागेल तेवढीच झोप. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. घर चालायचं ते आईच्या मासळीच्या पाटीवर. घिवलीहून बोईसरच्या बाजारात ती वीस वर्षं पाटी नेत होती. दम लागायला लागला तशी पाटी हलकी झाली, मग बंदच. बाजारातल्या तिच्या जागेवर दुसरी बसू लागली, 'तू बरी होईपर्यंत' म्हणून. आता आई त्या जागेवर परत बसणार की नाही, एवढाच प्रश्न घरात होता. मी तेव्हा पालघरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. दहावीच्या पुढे गेलेली आमच्या घरातली पहिलीच.

आईला क्षय नव्हता. बेडका तीनदा तपासला, काही निघालं नाही. तरी काकीने तिचा कप वेगळा ठेवला. तो राग मी तेव्हाच काकीच्या तोंडावर काढला. हा राग दुसरा आहे.

दर पावसाळ्यात आईला मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागे. सलाईन, इंजेक्शन आणि घरी जाताना खोकला थांबवायचं गोड औषध. खोकला थांबायचा, कफ मात्र आतच साचून फुप्फुसं खराब करायचा.

एकदा मी तिच्या कागदांची पिशवी उघडली. डॉक्टरांचं अक्षर लागत नव्हतं, पण एक ओळ प्रत्येक कागदावर होती, म्हणून शेवटी लागली. छातीची फिजिओथेरपी, घरच्यांना शिकवावी. तीन वर्षं लिहीत होते. शिकवलं कोणी नाही.

कागद घेऊन मी डॉक्टरांसमोर उभी राहिले.

"अगं, ते रोज करावं लागतं," ते म्हणाले. "तुमच्या लोकांना जमत नाही. लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो."

"माझी आई भर बाजारात बोलता बोलता हातभर मासा साफ करायची. तिला काय जमत नाही, ते आधी शिकवून तर बघा," मी म्हटलं. आवाज चढलाच होता. त्यांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी खरडून पुढे ढकलली.

दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती, तिथे मी आईला नेलं. आत फिजिओथेरपीच्या बाई, माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "ही मना खोकाय शिकवणार? खोकते तर मी कवापासून!"

"खोकून दाखवा मावशी," बाई म्हणाल्या.

आईने पदर तोंडाशी धरला, ओठ मिटले आणि घशातल्या घशात हुं हुं केलं.

"हा काय खोकला? ही तर चोरी झाली," बाई हसल्या.

"पाटीवर खोकलं तर गिऱ्हाईक उठून जाते, बाय. मग दाबायचा."

वीस वर्षं तिने खोकला गिळला होता आणि आम्हाला घरात वाटायचं, आज आईला बरं आहे.

बाईंनी तिला पुढे झुकवून बसवलं. कोपर टेबलावर, खांदे सैल. आधी सावकाश श्वास. मग तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरतो तसा 'हाऽ' करून जोरात श्वास सोडायचा. दोन-तीनदा करून थांबायचं, मग पुन्हा. कफ वर सरकला की खोकायचं, मोठ्याने, लाज न धरता. त्याच क्षणी मी मागून दोन्ही पंजे तिच्या खालच्या बरगड्यांवर ठेवून आत आणि वर दाबायचं, तिच्या खोकल्याला जोर द्यायचा. मध्ये पाठीवर खोलगट तळव्याने थोपटायचं.

"बरगड्या मोडशील गो माज्या!" आई ओरडली आणि त्या ओरडण्यातच खरा खोकला फुटला. भांड्यात जे पडलं त्याकडे ती बघतच राहिली. "एवढं माज्यात होतं?"

सगळं शिकवून झालं अर्ध्या तासात. म्हणूनच माझा राग जात नाही. आईचे तीन पावसाळे गेले, ते त्या अर्ध्या तासासाठी. औषध महाग नव्हतं, यंत्र लागत नव्हतं. लागत होते माझे दोन हात, आणि ते दोन वर्षांपासून कॉलेजची पुस्तकं धरून तिच्या खाटेशी रिकामे बसत होते. शिकलेल्या माणसांनी आम्हाला न विचारताच ठरवून टाकलं, की यांना जमणार नाही.

खोड वीस वर्षांची. घरी आईने पुन्हा पदर तोंडाशी नेला, की मी तो खाली ओढायचे. गल्लीतून कोणी जात असलं तरी. "खोक, आये. कोनी मासली घेयाला नाय आलं." रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी, एक दिवस न चुकता.

फुप्फुसं होती तशी परत झाली नाहीत. ती होत नाहीत. पण पुढच्या पावसाळ्यात आईला एकदाही दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. ती आडवी होऊन झोपू लागली. होड्या पुन्हा समुद्रात गेल्यावर ती पाटी घेऊन बोईसरला गेली आणि स्वतःच्या जागेवर बसली.