यशवंतपुरात उतरलेलं सुकाणू

विठोजीराव,

निम्मं तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगणार आहे. उरलेलं निम्मं मी दोन वर्षं दडवून ठेवलंय. तेव्हा मधेच कागद खाली ठेवू नका.

गेल्या महिन्यात आमच्यात एक लग्न झालं. पंगतीत माझा भाऊ हयवदन मोठ्याने म्हणाला, "यशवंतपूरच्या त्या लेथवाल्याने मला समुद्रात मारलंच होतं." पंचवीस माणसांनी ऐकलं. मीही ऐकलं, आणि सारभात कालवत राहिले. तिथे उठून बोलायला हवं होतं ते आता लिहिते आहे.

तो लेथवाला कोण, इथपासून सुरुवात करायला हवी होती. तुमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलेले. "ते तलवार मारत होते की घोड्यांना नाल मारत होते, कुणाला म्हाईत. ऱ्हायलो इथंच बघा," असं तुम्ही सांगता. आयटीआय करून सरकारी मशीन कारखान्यात टर्नर लागलात, एकोणीस वर्षं एकाच लेथवर काढलीत. कारखाना बंद पडून यंत्रं लिलावात निघाली तेव्हा बाकीच्यांनी हाती आलेल्या रकमेत प्लॉट घेतले. तुम्ही तो लेथच घेतलात. सोयराबाई दोन महिने तुमच्याशी बोलल्या नाहीत. "सवत आणली, अक्का, आणि ती पण तीन टनाची!" असं मला म्हणाल्या होत्या.

बाजारामागे कांद्याच्या लॉऱ्या वळतात त्या गल्लीतल्या तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आले ती इडलीच्या पिठाचा ग्राइंडर घेऊन. दगड डगडगत होता. दांडा ज्यात फिरतो तो नळीसारखा पितळी बुश झिजला होता. तुम्ही तो ठोकून काढलात, नवा केलात, दांड्यावर चढवलात आणि हात काढून घेतलात. बुश धाडकन पडला नाही. सावकाश, सूं करत, स्वतःच्या वजनाने खाली उतरला.

"हवा जायला पण जागा नाही, अक्का. ह्याला फिट म्हणायचं."

त्या दिवसापासून मी तुमची जाहिरात करत हिंडले. चूक तिथेच सुरू झाली.

हयवदन जहाजावरचा निवृत्त अधिकारी. नोकरी सुटली तरी पाणी सुटेना, म्हणून त्याने चाळीस वर्षांची एक मोटरयॉट विकत घेऊन कारवारला ठेवली. सुकाणूचा दांडा ज्या दोन बुशांतून फिरतो ते झिजून गेले होते. चाक हातात धरलं की खडखड, आणि बोट सरळ जायला तयार नाही. परदेशातून बुश मागवायचे तर सहा महिने. मी म्हणाले, माझ्याकडे माणूस आहे.

"कोण, तुझा ग्राइंडरवाला? अक्का, ही बोट आहे, इडली नव्हे."

मला राग आला. लहानपणापासून तो असाच हसतो. मी हट्टाला पेटले, आणि पंधरा दिवसांनी हयवदनने ते सुकाणू दांड्यासकट जीपच्या टपावर बांधून तुमच्या दारात उतरवलं. लॉरीवाले जमले. एकाने विचारलं, "काय हो, विमान पडलं काय कुठं?" तुम्ही मात्र दांड्यावरून बोट फिरवत होतात, हाताची नाडी बघावी तसं.

"जुने बुश पार गेलेत, अण्णा. त्यांच्यावरून माप नाही मिळायचं. मोकळीक किती ठेवू?"

"मोकळीक कसली? खडखड गेली पाहिजे. घट्ट कर."

"पाण्यात असतंय, म्हणून काही वेगळं?"

"पाण्यात तेल-ग्रीस लागत नाही. बस्स."

"सरी, घट्ट करतो."

पांढऱ्या नायलॉनचे दोन बुश केलेत. दांड्यावर सोडलेत तर तसेच, सूं करत उतरले. हयवदनच्या तोंडून 'शाब्बास' निघालं, आणि मी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू लेथ मीच चालवला होता.

तिघांतल्या कुणालाच पुढचं सुचलं नाही. हयवदनचा जन्म जहाजाच्या वरच्या मजल्यावर दुर्बीण घेऊन गेला, इंजिनखोलीत तो कशाला उतरतोय? तुम्ही तर समुद्र पाहिलेलाच नव्हता. तुमची सगळी विद्या कोरड्या शेडमधली. राहिले मी, बी.एस्सी. केमिस्ट्री. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, हे वाक्य मी परीक्षेत लिहिलेलं आहे. मार्कही मिळाले होते.

बुश कारवारला जाऊन बसले. दहा दिवसांनी, मंगळवारी, सकाळी अकराला तुम्ही माझ्या दारात. कामाच्या दिवशी शेडला कुलूप लावून मल्लेश्वरमपर्यंत आलात, तेव्हाच मला कळायला हवं होतं. बसला नाहीत, कॉफी नको म्हणालात. खिशातून एक पांढरी रिंग आणि लोखंडी दांड्याचा तुकडा काढलात.

"घाला बघू ही ह्याच्यावर."

जाईना. मी जोर केला, तरी जाईना.

"ही पहिली ट्रायलची. तेव्हा सुळकन जात होती. हत्यारं थंड करायच्या बादलीत पडून ऱ्हायली दहा दिवस. आज काढली, तर ही अशी."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, अक्का! फुगली. तिकडे पण फुगणार. सुकाणू धरून बसणार, आज नाही तर उद्या. अण्णांना फोन करा, बोट हलवू नका म्हणा. चूक विठोजीची म्हणून सांगा, सरळ."

"मग तुम्हीच का नाही करत?"

"चार वेळा केला. नवा नंबर बघून उचलत नसतील."

"बरं, मी करते. तुम्ही निघा."

"आत्ताच करताय न्हवं?"

"विठोजीराव, मी काही शाळेतली मुलगी नाही."

तुम्ही गेलात. मी फोन हातात घेतला, आणि हयवदन कसा हसेल ते मला ऐकू आलं. 'इडली नव्हे.' रविवारी तो सुनेला, स्मृतीला, घेऊन जवळच्या बेटावर जाणार होता. आज तर मंगळवार. संध्याकाळी करू म्हटलं. बुधवारी आमचं विष्णुसहस्रनामाचं मंडळ होतं. गुरुवारी मी स्वतःला पटवलं की खाऱ्या पाण्यात नायलॉन कमी फुगत असेल. पदवीचा हा एवढाच उपयोग मी आयुष्यात केला. शुक्रवारी आणि शनिवारी मी विसरले होते असं म्हणायची सोय आहे. मी विसरले नव्हते.

रविवारी बंदराच्या तोंडाशी बोट वळवली, आणि चाक वळलेलं तसंच अडकलं. बोट दगडी बांधावर आदळली. स्मृतीचं मनगट मोडलं. हयवदन बोटीच्या जिन्यावरून खाली आला, त्याच्या खुब्याचं हाड गेलं.

तिसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"अक्का, अण्णांना फोन लागला होता ना?"

"लागला होता."

"मग गेले कशाला हो?"

"त्याचा स्वभाव. ऐकतो का कुणाचं?"

विठोजीराव, एवढंच ते दडवलेलं निम्मं. फोन मी केलाच नव्हता. हयवदनला आजही वाटतं की तुम्ही गप्प बसलात. तुम्हाला वाटतं की त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यामुळे तो शिव्या देतो आणि तुम्ही त्याचं वागणं पोटात घालता. तो काय काय बोलतो ते कुणीतरी तुमच्या कानावर घातलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हाड मोडलंय त्यांचं, बोलू देत. बुश माझाच होता." हे मला सोयराबाईंनी सांगितलं. तुमच्यावर चिडून सांगितलं, माझ्यावर नाही.

आणि तुम्ही काम सोडलंत. फिरत्या भागांचं काम घेत नाही म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना परत पाठवता. बोल्ट, पुल्या, फाटकाच्या बिजागऱ्या. तीन टनाचा लेथ आणि बिजागऱ्या!

मार्गशीर्षात तुम्ही पुडकं घेऊन आलात. नवे दोन बुश, दुसऱ्या प्लॅस्टिकचे, ते पाणी जवळजवळ पीतच नाही म्हणालात. तरी त्यांना महिनाभर मिठाच्या पाण्यात बुडवून रोज मोजलं होतंत. कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने आकडे मांडले होतेत.

"आता दांड्यावर सोडला तर पटकन खाली पडतंय. सूं नाही, काही नाही. इथं तसंच पाहिजे." तुम्ही हसलात, बऱ्याच दिवसांनी. "अण्णांना तुम्ही द्या. मी गेलो तर दार लावतील. तुमचं ऐकतील."

पुडक्यात एक चिठ्ठी होती. मी वाचली. दुसऱ्याची चिठ्ठी वाचू नये हे मला माहीत आहे. तुम्ही लिहिलंय: 'नायलॉन घातलं ही माझी चूक. मंगळवारी कळालं, त्याच दिवशी अक्कांच्या घरी जाऊन सांगितलं. तुम्हाला निरोप मिळाला तरी गेलात, त्यात माझं काही म्हणणं नाही. हे बुश बिनघोर बसवा.'

चिठ्ठी काढून बुश दिले असते तर चाललं असतं. तसं करायला बसलेही होते. ते जमलं नाही, आणि चिठ्ठीसकट देणंही जमलं नाही.

शनिवारी बाजारात भेटलात की तुम्ही विचारता, "बसवले काय हो अण्णांनी?" मी म्हणते, "स्वल्प थांबा, पाय बरा होऊ दे त्याचा." पाय केव्हाच बरा झालाय. काठी टेकत तो माझ्याकडे कॉफीला येतो. कालच आला होता. बोट अजून कारवारला ताडपत्रीखाली आहे. परदेशी बुश मागवलेत, म्हणाला, चार महिने तरी लागतील. "लागू देत. तुझ्या त्या माणसासारखं नको बाई पुन्हा."

तो बसला होता तिथून कपाट दोन हातांवर होतं. पुडकं आत, रजयांच्या मागे, तुम्ही मारलेली गाठ मी पुन्हा तशीच मारून ठेवलेली. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि त्याला अजून एक कॉफी करून दिली.