आम्ही प्लॉवडिव्हचे वऱ्हाडी

बल्गेरियातल्या एका लग्नात मी नवरीच्या वडिलांना, "रडणं जरा कमी करा, खोटं वाटतंय," असं सांगून आलेलो आहे.

सांगितलं तेही रशियनमध्ये. त्याला कारण माझी नोकरी. बंगळूरच्या ज्या सरकारी कारखान्यात मी होतो, तिथे पूर्वी रशियन इंजिनियर यायचे. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून आम्हा काही जणांना संध्याकाळी रशियनच्या वर्गाला बसवलं होतं. शिकवलं ते सगळं यंत्रांबद्दल. त्यामुळे 'व्हॉल्व्ह बंद करा', 'दाब वाढला आहे', 'गळती कुठे आहे?' हे मला अस्खलित येतं. 'तुमचं नाव काय?' येत नाही. (विचारायची वेळच आली नाही. त्यांच्या खिशावर लिहिलेलं असायचं!)

एवढ्या भांडवलावर, निवृत्त झाल्यावर, मी परदेश प्रवासाला निघालो. इंदिरानगरच्या एका ट्रॅव्हलवाल्याने सहल काढली होती. बुडापेस्ट, बुखारेस्ट, सोफिया, प्लॉवडिव्ह, इस्तंबूल, सगळं एका बसमधून. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि ओळखीतले सगळे लंडन-पॅरिस करून आले होते.

"तिकडे सगळेच जातात," मी बायकोला म्हटलं. "इकडे शाळेत रशियन शिकवायचे. इकडे माझी भाषा चालते."

"तुमची भाषा घरात चालत नाही, बल्गेरियात काय चालणार!" सुमन म्हणाली. पण तयार झाली. अट एकच, अक्काला बरोबर न्यायचं.

अक्का म्हणजे सुमनची थोरली बहीण. त्यांचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे अक्काच्या मराठीत कन्नड केव्हा शिरतं ते तिलाही कळत नाही. राहते तिथेच, येलहंक्याला. तिच्या यजमानांनी "तू जाऊन ये, मी घर सांभाळतो," हे इतक्या आनंदाने सांगितलं, की अक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बॅगेत तिने स्वेटर एक घेतला आणि खण दहा-बारा. वर हळदकुंकवाची डबी.

"अक्का, तिकडे कुणाला खण देणार?"

"कोण कुठे भेटंल सांगता येतं का भाऊजी? असू द्या."

आम्ही एकूण अठरा जण होतो, सगळे बंगळूरचे. गाइड मारिया नावाची बल्गेरियन बाई. इंग्रजी उत्तम, स्वभाव सोशिक. ती माइकवरून दोन वाक्यं बोलली की मी मागे वळून त्यावर चार वाक्यांची भर घालायचो. बुडापेस्टमध्ये लोकांनी मन लावून ऐकलं. बुखारेस्टमध्ये हळूहळू बसच्या मागच्या सीट भरायला लागल्या. सोफियापर्यंत माझ्या आजूबाजूला फक्त सुमन आणि अक्का उरल्या होत्या, आणि अक्का खिडकीला डोकं टेकून झोपलेली असायची.

प्लॉवडिव्हला पोचलो तो आमचा बल्गेरियातला शेवटचा दिवस. व्हिसाही त्याच दिवसापुरता, त्यामुळे काहीही करून त्याच दिवशी सीमा ओलांडून तुर्कस्तानात जायचं होतं. त्याआधी कार्यक्रमपत्रिकेतलं सगळ्यात मोठं आकर्षण होतं, 'पारंपरिक जेवण आणि लोकनृत्ये.' जुन्या गावातल्या दगडी गल्ल्यांत बस जात नव्हती. ड्रायव्हरने ती उतारावर उभी केली आणि तिथेच पोलिसाने त्याला धरलं. भांडण मिटवायला मारियाला थांबणं भाग पडलं.

"सरळ वर जा," ती म्हणाली. "चर्चपाशी डावीकडे वळा. लाकडी दरवाज्याचं हॉटेल आहे. तिथे बाहेर थांबा, मी आलेच."

"मी नेतो सगळ्यांना," मी म्हटलं.

मारिया 'नको' म्हणायला लागली होती. तेवढ्यात पोलिसाने पेन काढलं, त्यामुळे तिचा नाइलाज झाला.

चर्चपाशी मी डावीकडे वळलो. (सुमन म्हणते उजवीकडे. या विषयावर आमच्या घरात अजून एकमत नाही.) लाकडी दरवाजा समोरच होता! वर फुलांची कमान, आत ढोल आणि आपल्या सनईच्या चुलतभावासारखं काहीतरी वाजत होतं. दारात एक माणूस उभा होता. मी रुबाबात विचारलं, "ग्रुप? प्रोग्राम?"

त्याने मान दोनदा खाली-वर हलवली.

बल्गेरियात मान खाली-वर हलवली की त्याचा अर्थ 'नाही' होतो. हे मारियाने सोफियात सगळ्यांना सांगितलं होतं. मी तेव्हा मागे वळून भर घालत होतो.

आम्ही आत घुसलो. द्राक्षांच्या मांडवाखाली दोन लांब टेबलं. एक माणसांनी गच्च भरलेलं, दुसऱ्यावर चार-सहा टाळकी. "बघा, आपल्यासाठी राखून ठेवलंय," मी म्हटलं. तेवढ्यात घट्ट कोट घातलेला, छातीवर फूल लावलेला एक जाडगेला माणूस धावत आला. मी त्याला रशियनमध्ये सांगितलं, "भारतातून. अठरा नग."

तो क्षणभर थांबला. आमच्याकडे पाहिलं, मोकळ्या टेबलाकडे पाहिलं, समोरच्या भरलेल्या टेबलाकडे पाहिलं. मग माझा हात दोन्ही हातांत धरून त्याने आम्हा सगळ्यांना नेऊन बसवलं.

"मॅनेजर," मी सगळ्यांना सांगितलं.

मग दारातून पांढऱ्या झग्यातली नवरी आणि तिचा नवरा आले. उंबऱ्यात पाण्याने भरलेलं तांब्याचं भांडं ठेवलेलं. नवरीने ते पायाने लवंडलं आणि एकच जल्लोष झाला.

"अय्यो! हे तर आपलं माप ओलांडणं!" अक्का उभीच राहिली.

"अक्का, प्रोग्राम आहे तो. लग्न कसं असतं ते करून दाखवतात."

"स्वल्प थांबा भाऊजी, मला खरं वाटतंय."

"खरं वाटावं म्हणूनच तर करतात!"

"अहो," सुमन कुजबुजली, "नवरीच्या हातात साधं रोजचं घड्याळ आहे."

"बजेट नसेल."

नवरानवरीने एक मोठा पाव दोन बाजूंनी ओढला. नवरीच्या हातात मोठा तुकडा आला, बायकांनी टाळ्या पिटल्या. मी उभा राहून, नवरीकडे पाठ करून, आमच्या लोकांना या प्रथेचा इतिहास सांगितला. (मला माहीत नव्हता, पण सुचत गेला.)

जेवण सुरू झालं. आधी वाटीतून थंड सूप आलं. अक्काने चमचाभर चाखलं. "काकडीची कोशिंबीर आहे. पाणी ज्यास्त झालंय."

त्यानंतर मात्र भाजलेलं मांस आलं. आमच्यातले निम्मे शाकाहारी, तसं आधी कळवलेलं. मी तडक मॅनेजरकडे गेलो. तो मांडवाच्या मध्यभागी गाणं म्हणत होता. त्याला थांबवलं. 'मांस'ला शब्द येत नव्हता, म्हणून जमेल तसं सांगितलं, "प्राणी चालत नाहीत. हिरवं पाहिजे."

बिचारा गाणं अर्धवट सोडून स्वतः स्वयंपाकघरात पळाला. भाजलेल्या मिरच्या, टोमॅटो, पनीरसारखं काहीतरी आणि भलं मोठं वाडगंभर दही घेऊन आला.

"सर्व्हिस बरी आहे," मी म्हटलं आणि त्याला मीठ आणायला परत पाठवलं.

थोड्या वेळाने वाद्यं थांबली. मॅनेजर नवरीशेजारी जाऊन उभा राहिला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलायला लागला. चार वाक्यं झाली नाहीत तोच त्याला हुंदका फुटला. तीही रडायला लागली. आमच्या टेबलावर रुमाल निघाले. अक्का तर माहेरच्या लेकीला निरोप दिल्यासारखी मोठ्याने रडत होती.

अठरा जणांत कोरडा मी एकटा. मला ते जरा अतीच वाटलं. उठलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अनुभवी माणसाने सांगावं तसं सांगितलं. 'अश्रू'ला माझ्याकडे शब्द नव्हता, 'गळती'ला होता.

"काम उत्तम," मी म्हटलं. "पण गळती जास्त. दाब कमी करा."

मग त्याने मला मिठी मारली आणि दुप्पट रडायला लागला.

"ऐकत नाही," मी जागेवर येऊन सुमनला म्हटलं.

इकडे अक्काने खण काढला होता. नटी का असेना, नवरीच्या वेषात समोर उभी आहे म्हटल्यावर तिची ओटी न भरता जायचं हे तिच्या तत्त्वात बसेना. तांदूळ नव्हते म्हणून टेबलावरचे अक्रोड घेतले, नारळ नव्हता म्हणून खरबूज. नवरीच्या कपाळाला कुंकू लावून हे सगळं तिने तिच्या ओंजळीत घातलं. खरबुजाच्या वजनाने पोर पुढे झुकली, पण हसली. मग समोरच्या टेबलावरच्या बायका उठून कुंकवासाठी अक्कापुढे रांगेत उभ्या राहिल्या!

त्याच वेळी दारात मारिया आली. घामाघूम, केस विस्कटलेले.

"तुम्ही इथे काय करताय?" ती ओरडली. "मी सगळं गाव पालथं घातलं! आपलं हॉटेल त्या बाजूच्या गल्लीत आहे. नाचणारे कधीचे वाट बघतायत!"

"मग हे?"

"हे लग्न आहे! खरं लग्न!"

माझ्या हातात दह्याने भरलेला चमचा होता. तो तोंडात घालावा की परत ठेवावा, काही कळेना. मॅनेजर, म्हणजे नवरीचे वडील, आमच्याकडेच येत होते. मी धडपडत उठलो. 'माफ करा' मला रशियनमध्ये येत नव्हतं. 'चूक ऑपरेटरची आहे' एवढं येत होतं, ते मी तीनदा म्हटलं.

त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि मारियाशी हळू आवाजात बराच वेळ बोलले. ऐकता ऐकता मारियाचा चेहरा बदलला.

"त्यांना पहिल्यापासून माहीत होतं," ती आम्हाला म्हणाली. "यांचं गाव डोंगरात आहे. सगळे नातेवाईक एका बसने येणार होते. ती बस घाटात बंद पडली. मुलाकडचे मोठे लोक, सगळेच्या सगळे हजर, आणि मुलीच्या बाजूला घरची चार-सहा माणसं. लाज वाटत होती. तेवढ्यात तुम्ही आलात. ही मुलीच्या ओळखीची माणसं, मुद्दाम भारतातून आली, असं त्यांनी व्याह्यांना सांगितलंय. केक कापेपर्यंत बसाल का, असं विचारतायत. आत्ता हे टेबल रिकामं झालं, तर..."

खालून आमच्या बसचा हॉर्न ऐकू यायला लागला. संध्याकाळच्या आत सीमा गाठायची होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सबंध सहलीत मला पहिल्यांदाच काही बोलायचं सुचेना.

बोलली ती अक्का. "मुलीकडची माणसं अशी मधेच उठतात काय? सरी, ठरलं, बसा सगळे." आणि ती स्वतः खुर्ची ओढून बसली.

आम्ही बसलो. नुसते बसलो नाही, हात धरून त्यांच्या गोल नाचातही फिरलो. माझा एक हात मुलाच्या काकाच्या हातात, दुसरा नवरीच्या आईच्या. पावलं चुकत होती, पण आता कुणाला काही समजावून सांगायची माझी हिंमत नव्हती. केक खाल्ला. नवरीच्या वडिलांनी दारापर्यंत येऊन आम्हा प्रत्येकाला मिठी मारली. मला जरा लांबूनच.

सीमेवर आम्ही वेळेत पोचलो, कारण ड्रायव्हरने वाटेत कुणालाच कुठेही उतरू दिलं नाही. (तपशील नको!)

तुर्कस्तानात शिरल्यावर मारियाने माइक हातात घेतला.

"निघताना त्या गृहस्थांनी एक विचारलं होतं," ती म्हणाली. "तिथे सांगता आलं नाही. म्हणाले, सतरा माणसं अगदी आमच्या घरची शोभली. पण जेवणाला नावं ठेवणारा, मला मिठासाठी पळवणारा आणि वर माझ्या रडण्यातही खोट काढणारा तो एक जण तुमच्यातलाच होता ना? मला तर वाटलं, तो मुलाकडचा."

बस हसून हसून आडवी झाली. सुमन सगळ्यात जास्त.

आम्हाला दोन्ही मुलीच. दोघींच्या लग्नांत मी हात जोडून दारात उभा होतो आणि मुलाकडच्यांचे नखरे सोसत होतो. मुलाकडचा म्हणून मिरवायचा योग माझ्या आयुष्यात एकदाच आला, आणि त्या वेळी मी नुसतं मीठ मागत होतो.